चार मतांचा मतदारसंघ

अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या नैऋत्य कोपऱ्यात, ओहायो आणि वॉबॅश या नद्यांच्या बेचक्यात, प्रतिनिधिगृहाचा आठवा मतदारसंघ पसरलेला आहे. प्रतिनिधिगृह हे काँग्रेसचे कनिष्ठ सभागृह असून त्याचे सर्व सदस्य दर दोन वर्षांनी निवडले जातात, आणि या मतदारसंघाने ती मुदत इतक्या वेळा घातक ठरवली की त्याला ‘ब्लडी एट्थ’, म्हणजे रक्तबंबाळ आठवा, असे नावच पडले. १९७४ मध्ये डेमोक्रॅट फिलिप हेज यांनी रिपब्लिकन रॉजर झायन यांना पाडले. हेज सिनेटच्या उमेदवारीमागे लागल्यावर १९७६ मध्ये त्यांच्याच पक्षाचे डेव्हिड कॉर्नवेल आले, १९७८ मध्ये त्यांना रिपब्लिकन जोएल डेकर्ड यांनी हरवले आणि १९८२ मध्ये डेकर्ड यांना ब्लूमिंग्टनचे डेमोक्रॅट महापौर फ्रँक मॅक्‌लॉस्की यांनी. इव्हान्सव्हिलच्या कारखान्यांतले संघटित कामगार, खाणकामगार, सनातनी वळणाचे शेतकरी आणि ब्लूमिंग्टनचे विद्यापीठ अशी ही सरमिसळ असल्याने कोणत्याही पक्षाला येथे हक्काची गादी मिळत नसे.

या इतिहासाचा गाभा मात्र ६ नोव्हेंबर १९८४ च्या निवडणुकीत आहे. त्या रात्री मॅक्‌लॉस्की ७२ मतांनी पुढे होते. नंतर गिब्सन काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या प्रशासकीय विभागात, दोन मतदान केंद्रांची मते दोनदा धरली गेल्याचे उघड झाले आणि त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी रिचर्ड मॅकिन्टायर ३४ मतांनी विजयी असल्याचे प्रमाणपत्र राज्याने दिले. पुढे राज्यांतर्गत फेरमोजणी झाली तेव्हा ही आघाडी ४१८ वर गेली, परंतु त्या मोजणीत सुमारे ४,८०० मतपत्रिका बाद झाल्या होत्या. मतपत्रिकेवर केंद्राचा क्रमांक आणि मतदान कर्मचाऱ्यांची आद्याक्षरे असावीत असा इंडियानाचा नियम होता. खोट्या मतपत्रिका रोखण्यासाठी केलेल्या या नियमाची शिक्षा अखेर मतदाराने भोगली, कारण आद्याक्षरे करायला विसरला तो कर्मचारी आणि मत गेले ते ज्याची काहीच चूक नव्हती त्याचे.

अमेरिकी राज्यघटनेच्या पहिल्या अनुच्छेदातील पाचव्या कलमानुसार आपल्या सदस्यांच्या निवडणुकीचा न्याय प्रत्येक सभागृह स्वतःच करते. भारतात असा वाद निवडणूक याचिकेच्या रूपाने उच्च न्यायालयात जातो. अमेरिकेत मात्र तो सभागृहातील बहुमतवाल्या पक्षाच्या ओंजळीत पडतो. डेमोक्रॅटांचे बहुमत असलेल्या प्रतिनिधिगृहाने जानेवारी १९८५ मध्ये दोघांपैकी कोणालाही आसन दिले नाही आणि डेमोक्रॅट सदस्य लिओन पॅनेटा यांच्या अध्यक्षतेखाली दोन डेमोक्रॅट व एक रिपब्लिकन अशी त्रिसदस्य समिती नेमली. काँग्रेसच्या हिशेब तपासणी कार्यालयाचे लेखापरीक्षक एकेक मतपत्रिका पुन्हा हाताळू लागले आणि कर्मचाऱ्यांच्या विसराळूपणापेक्षा मतदाराचा स्पष्ट हेतू महत्त्वाचा मानला गेला. हे तत्त्व न्याय्यच होते. पण साक्षांकन नसलेल्या ३२ टपाली मतपत्रिका मोजायच्या नाहीत, असे समितीने दोनास एक अशा पक्षनिहाय मताने ठरवले, तेव्हा तत्त्व कोठे संपते आणि सोय कोठे सुरू होते हे सांगणे अवघड झाले. अंतिम आकडे होते मॅक्‌लॉस्की १,१६,६४५ आणि मॅकिन्टायर १,१६,६४१. १ मे १९८५ रोजी २३६ विरुद्ध १९० मतांनी मॅक्‌लॉस्की यांना आसन मिळाले आणि रिपब्लिकन सदस्य सभागृह सोडून बाहेर पडले. १९८६ च्या फेरलढतीत मतदारांनी मॅक्‌लॉस्की यांनाच आरामात निवडून दिले, तरी वॉशिंग्टनमधील कटुता विरली नाही. रिपब्लिकन सदस्य न्यूट गिंग्रिच यांच्या आक्रमक गटाला तिने खतपाणी घातले, आणि ज्या १९९४ च्या रिपब्लिकन लाटेने गिंग्रिच यांना सभापतिपदापर्यंत नेले तिनेच मॅक्‌लॉस्की यांना बुडवले.

त्यांना हरवणारे अभियंते जॉन हॉस्टेटलर उमेदवारांना निधी पुरवणाऱ्या राजकीय कृती समित्यांचा पैसा घेत नसत. इराक युद्धाच्या ठरावाविरुद्ध मत देणाऱ्या प्रतिनिधिगृहातील सहा रिपब्लिकनांपैकी ते एक होते. बेताच्या आघाड्यांवर ते सहा वेळा निवडून आले, पण २००६ मध्ये काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, असलेले डेमोक्रॅट ब्रॅड एल्सवर्थ यांनी ६१ टक्के मते घेऊन त्यांना घरी बसवले.

हा या मतदारसंघाने घेतलेला अखेरचा मोठा बळी होय. त्याची जुनी सरमिसळ विरत चालली होती. २००२ पासूनच्या सीमांकनात ब्लूमिंग्टन बाहेर गेले होते. २०१० मध्ये इव्हान्सव्हिलचा व्हर्लपूलचा कारखाना बंद पडला, आणि त्याच वर्षी एल्सवर्थ सिनेटसाठी उभे राहून हरले, तर त्यांची जागा हृदयशल्यचिकित्सक लॅरी बुकशॉन यांनी रिपब्लिकनांकडे नेली. पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट म्हणवणारी खेडी स्थानिक उमेदवार पाहायची सोडून राष्ट्रीय पक्ष पाहून मत देऊ लागली. आता रिपब्लिकन उमेदवाराला सुमारे दोन तृतीयांश मते मिळतात, त्यामुळे खरी लढत प्राथमिक निवडणुकीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, होते आणि तिला मतदारसंघातील थोडेच लोक येतात. बुकशॉन निवृत्त झाल्यावर २०२४ मध्ये हॉस्टेटलर पुन्हा या प्राथमिक फेरीत उतरले, तेव्हा इस्रायलसमर्थक गटांनी बाहेरून लाखो डॉलर त्यांच्याविरुद्ध ओतले आणि उमेदवारी मार्क मेस्मर यांच्याकडे गेली. नोव्हेंबरमधील निवडणूक मेस्मर यांनी सहज जिंकली.