कबुली आणि आचरण : टिळकांची ख्रिस्तभक्ती व ‘स्मृतिचित्रे’

मराठी ख्रिस्ती साहित्याच्या अभ्यासात रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या धर्मांतराची चर्चा पुष्कळ होते. त्यानंतरच्या आचरणाची त्या मानाने थोडी. वस्तुतः श्रद्धेची कबुली आणि श्रद्धेचे आचरण यांतील अंतर हा टिळकांच्या उत्तरायुष्यातील मध्यवर्ती प्रश्न होय. त्यांची अभंगरचना आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४-३६) एकत्र वाचल्यास या प्रश्नाच्या दोन्ही बाजू स्पष्ट होतात.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही जाहीर कबुली होती आणि तिची किंमतही मोठी होती. जातीचे संबंध तुटले. पत्नीशी सुमारे पाच वर्षांचा वियोग घडला. तथापि बाप्तिस्मा म्हणजे साधनेची पूर्तता, असे टिळकांनी मानले नाही. तुकारामांच्या मार्गाने आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो, अशी त्यांची धारणा होती. या धारणेत पूर्वसंस्कारांविषयीच्या कृतज्ञतेहून अधिक काही आहे. बोलणे आणि वागणे यांचा मेळ ही वारकरी परंपरेत संतत्वाची कसोटी आहे. अभंग स्वीकारताना टिळकांनी छंदाबरोबर ही कसोटीही स्वीकारली. मिशनच्या उपासनेत पाश्चात्त्य चालींवरील भाषांतरित गीते रूढ होती. टिळकांच्या रचनेत ख्रिस्त माउली, गुरू आणि सखा या नात्यांनी येतो. सिद्धान्त मान्य करता येतो. नाते मात्र मान्य करून भागत नाही, ते रोज निभवावे लागते.

या भूमिकेची परिणती १९१७ साली दिसते. टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची वेतनी सेवा सोडली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ आरंभिला. या बंधुसमाजात बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांना स्थान होते. ज्याने स्वतः कबुलीची पूर्ण किंमत मोजली होती, त्यानेच बावीस वर्षांनी कबुलीपेक्षा शिष्यत्वाला अग्रस्थान द्यावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. बाप्तिस्म्याचे महत्त्व येथे नाकारलेले नाही. केवळ नाव बदलल्याने मनुष्य ख्रिस्ताचा होत नाही, हा त्यामागील आशय आहे.

परंतु अभंगातील समर्पण एकट्या ‘मी’चे असते, संसारात त्याचा भार इतरांवरही पडतो. ही दुसरी बाजू ‘स्मृतिचित्रे’ दाखवते. टिळकांचे औदार्य, द्रव्याविषयीची बेफिकिरी, ध्येयासाठी एकाएकी घेतलेले निर्णय हे सर्व येथे घरातून पाहिलेले आहे. हातचे पैसे देऊन टाकणाऱ्याचे वैराग्य दिसते, तशीच घर चालवणाऱ्या स्त्रीची ओढाताणही दिसते. लक्ष्मीबाई पतीचे देव्हारे माजवत नाहीत आणि त्याच्यावर फिर्यादही करत नाहीत. त्यांचा विनोद हा दोष झाकण्याचा उपाय नसून प्रेम आणि परखडपणा यांचा तोल सांभाळण्याची रीत आहे.

त्यांच्या स्वतःच्या परिवर्तनाचा क्रमही अर्थपूर्ण आहे. सोवळेओवळे पाळणाऱ्या लक्ष्मीबाईंच्या मनातून प्रथम जातिभेद गेला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली झाला. टिळकांच्या बाबतीत कबुली आधी आली आणि आचरणाचा शोध पुढे आयुष्यभर चालला. लक्ष्मीबाईंच्या बाबतीत आचरण आधी बदलले व कबुलीने त्यावर शिक्कामोर्तब केले. धर्मशास्त्रीय परिभाषा टाळणारी त्यांची बोलती मराठी या क्रमाशी सुसंगत आहे. त्यांची श्रद्धा स्वयंपाकघर, पंगत आणि शेजार यांतून व्यक्त होते.

म्हणूनच या वाङ्मयाचे मूल्यमापन केवळ भक्तिकाव्य किंवा केवळ आत्मचरित्र म्हणून करणे अपुरे ठरते. अभंगातील वचनाची साक्ष संसारकथेत पाहावी लागते आणि त्या संसारातील ओढगस्तीचे कारण अभंगात शोधावे लागते. टिळकांनी अपूर्ण ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. सर्वस्वाने केलेली भक्ती एकट्याची राहू शकत नाही. ती ज्यांच्या जिवावर चालते, त्यांचा वाटा मान्य केल्याशिवाय तिचे वर्णन पुरे होत नाही, हेच या दोघांचे वाङ्मय दाखवून देते.