बिनतारी स्पीकर घेण्यापूर्वी प्लग मोजा

आम्ही कापडाचे व्यापारी. ठाणावरचा शिक्का वाचून आम्ही माल घेत नाही, दोरा काढून पाहतो. घरासाठी बिनतारी होम थिएटर घेताना मात्र ही सवय दुकानातच राहिली.

खोके उघडले. आत पाच स्पीकर आणि खर्जाच्या आवाजासाठी एक सबवूफर, यालाच ५.१ म्हणतात. पाहतो तो प्रत्येकाला विजेची वेगळी वायर! तारेशिवाय जातो तो फक्त आवाजाचा संदेश. स्पीकरच्या आतल्या ॲम्प्लिफायरला वीज लागतेच. सहा प्लग आणि खोलीत सॉकेट दोन! इलेक्ट्रिशियनची मजुरी आमच्या हिशेबात नव्हती.

जोडणी झाल्यावर आवाजाने मात्र मन जिंकले. सिनेमातला पाऊस मागच्या स्पीकरमधून आला, तेव्हा घरच्यांनी खिडकीकडे पाहिले.

आणखी एक मुद्दा. साध्या ब्लूटूथवर आवाज चित्राच्या मागे पडू शकतो. म्हणून टीव्ही आणि मुख्य युनिट एचडीएमआय केबलने जोडणे बरे. २००९ साली आलेल्या एचडीएमआय १.४ मध्ये 'एआरसी' ही सोय मिळाली; तिच्यामुळे टीव्हीचा आवाज त्याच केबलने युनिटकडे परत जातो. टीव्हीच्या मागे ही अक्षरे आहेत का, ते पाहावे.

तेव्हा वाचकांनी पैसे मोजण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात: प्लग किती, एआरसी आहे का, आणि न आवडल्यास माल परत घेणार का? 'बिनतारी' हा खोक्यावरचा शिक्का आहे. दोरा आपणच काढून पाहावा.