दानाचा रुपया जातो कोठे?

दानधर्म म्हटला की आपल्या मनात एक ठरलेले चित्र उभे राहते. देणाऱ्याचा हात वर, घेणाऱ्याचा हात खाली. रुपया वरून खाली आला, घेणाऱ्याने तो खाऊन टाकला आणि हिशेब मिटला! गिरणी, कारखाना, बाजारपेठ यांच्यामुळे गावात पैसा येतो आणि धर्मादाय संस्थेमुळे तो खर्च होतो, असा आपला सर्वसाधारण समज. संस्थेला आपण वर्गणी देतो ती पुण्य म्हणून, किंवा खरे सांगायचे तर पुष्कळदा भिडेखातर. गावाच्या आर्थिक जमाखर्चात त्या संस्थेचे नाव जमेच्या बाजूला लिहावे, असे काही आपल्याला सुचत नाही.

हा समज कितपत खरा आहे, हे नुसत्या तात्त्विक चर्चेने कळायचे नाही. म्हणून आपण एक गाव आणि एक संस्था घेऊ. गाव चंद्रपूर जिल्ह्यातले वरोरा, आणि संस्था त्याच्या शेजारचे आनंदवन.

बाबा आमटे हे वरोऱ्यात वकिली केलेले गृहस्थ. १९४९ साली त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सरकारकडून ५० एकर जमीन मिळाली, पण ती खडकाळ, झाडाझुडपांनी भरलेली, विंचूसापांचे माहेरघर. १९५१ साली विनोबा भावे यांच्या हस्ते तेथे आनंदवनाचा आरंभ झाला. बाबा, साधनाताई, त्यांची दोन लहान मुले, सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि हाती १४ रुपये, एवढेच काय ते भांडवल!

आता या रोगाचा जमाखर्च पाहा. कुष्ठरोग माणसाला झटकन मारीत नाही. तो नसांवर घाला घालतो. हातापायांची संवेदना जाते, चटका बसला तरी कळत नाही, जखमा चिघळतात, बोटे आखडतात. पण त्याहून मोठी जखम समाज करतो. शेतावर राबणारा गडी, माग चालवणारा विणकर, घर सांभाळणारी बाई, कोणीही असो, डाग दिसला की तो घराबाहेर. म्हणजे गावाचे नुकसान दुहेरी झाले. एक कमावता हात गेला, आणि देवळाच्या पायरीवर एक मागता हात वाढला. १९४० नंतरच्या दशकात सल्फोन जातीची औषधे हाती आली आणि रोग आटोक्यात येऊ लागला. पण रोग बरा झाला म्हणून त्या माणसाला कोणी कामावर घेत नसे. औषधाचे काम जेथे संपत होते, तेथे संस्थेचे काम सुरू होत होते.

आनंदवनाने काय केले? आधी विहीर खणली. खडक फोडून पाणी काढले, जमीन साफ केली, भाजीपाला आणि धान्य लावले. पीक आले, पोटाला पुरून उरले. मग उरलेला माल वरोऱ्याच्या बाजारात नेला, आणि तेथे सगळे अडले. भाजी ताजी होती, भाव वाजवी होता, पण घेणार कोण? ती पिकवणारे हात कोणाचे, हे गावाला माहीत होते ना!

येथे क्षणभर थांबावे. माल आहे, गिऱ्हाईक आहे, पैसाही आहे. तरी व्यवहार होत नाही. का? विश्वास नाही म्हणून. आपण बाजार म्हणजे वजनकाटा आणि रोकड समजतो. पण त्याच्या तळाशी असतो एकमेकांवरचा भरवसा. हा भरवसा सरकारी हुकमाने निघत नाही, की दुकानात विकत मिळत नाही. तो हळूहळू बांधावा लागतो.

तो बांधायला बाहेरच्या माणसांची मदत झाली. सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे निरनिराळ्या देशांतले तरुण स्वयंसेवक आनंदवनात आले. तेथेच राहिले, तेथेच जेवले, रुग्णांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी इमारती उभ्या केल्या. ही परदेशी मुले बेधडक तेथे राहतात, जेवतात आणि त्यांना काही होत नाही, हे गावाने डोळ्यांनी पाहिले. जे व्याख्यानांनी साधले नसते, ते त्यामुळे साधले. पुढे आनंदवनाच्या मालाला गिऱ्हाईक मिळू लागले.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. समजा, मुंबईच्या कोणी गृहस्थाने अशा संस्थेला शंभर रुपये पाठवले. ते जातात कोठे? बियाणे, लोखंड, सिमेंट, सूत यासाठी त्यातले काही जवळच्या पेठेतल्या दुकानदाराकडे जातात. दुकानदार त्यातून हमालाला देतो, गाडीवाल्याला देतो. उरलेल्या पैशातून संस्थेत कोणी सुतारकाम शिकतो, कोणी हातमाग, कोणी पत्र्याचे डबे करायला शिकतो. त्याच्या हातचा माल विकला जातो, आणि काल जो मागत होता तो आज कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणून उभा राहतो. तेच शंभर रुपये पायरीवर वाटले असते तर संध्याकाळची चूल पेटली असती, नाही असे नाही. पण उद्या सकाळी पुन्हा तीच पायरी आणि तोच हात!

या कथेतली खरी मौज १९६४ सालची आहे. त्या वर्षी आनंदवनाच्या जमिनीवर आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले, आणि १९६५ साली कृषी महाविद्यालय. ही महाविद्यालये रुग्णांसाठी नव्हती. ती वरोरा आणि आसपासच्या खेड्यांतल्या मुलामुलींसाठी होती. ज्यांची भाजी घ्यायला गाव कचरत होते, त्यांनी गावाच्या लेकरांना कॉलेज दिले. घरचे खाऊन शिकता येऊ लागले, म्हणजे ज्याला बाहेरगावी ठेवण्याची ऐपत नव्हती त्या शेतकऱ्याचाही मुलगा शिकू लागला. कॉलेज आले की प्राध्यापकांचे पगार येतात, भाड्याच्या खोल्या लागतात, वह्यापुस्तकांची दुकाने निघतात. घेणारा हात वर केव्हा गेला, ते कोणाला कळलेही नाही.

कोणी म्हणेल, ही सगळी सरकारची कामे. संस्थांनी ती का करावी? शंका रास्त आहे. संस्था सरकारची जागा घेऊ शकत नाही. १९८० नंतरच्या दशकात बहुविध औषधोपचार आला, तो सरकारी दवाखान्यांतून फुकट घरोघर पोचला, आणि २००५ च्या अखेरीस देशातले कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आले. एकट्यादुकट्या संस्थेचे हे काम नव्हे. रुग्णांना वेगळे ठेवणारा १८९८ चा कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडावे लागले. तो रद्द करणे कायदेमंडळाच्याच हाती होते. पण वाट नसलेल्या जागी पहिली पायवाट पाडण्याचे काम बहुधा संस्थाच करते.

दुसरी शंका अधिक अवघड. संस्थेच्या नावाखाली पैसे खाणारेही असतात, त्यांचे काय? असतात खरे. म्हणूनच आपल्या राज्यात १९५० चा सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे, संस्थेने हिशेब ठेवून तो तपासून घ्यावा असा नियम आहे. पण कायद्याचा डोळा कागदावर असतो. माणसांवर डोळा ठेवायचा तो गावाने.

तुमच्याही तालुक्यात एखादे वाचनालय असेल, वसतिगृह असेल, दवाखाना असेल. पुढच्या खेपेला त्यांचा माणूस पावतीपुस्तक घेऊन दारात आला, तर भिडेने पैसे देऊ नका आणि तोंडही फिरवू नका. त्याला बसवा आणि तीन गोष्टी विचारा. गेल्या वर्षीचा हिशेब दाखवता का? संस्थेत आलेला माणूस पुढे आपल्या पायांवर उभा राहतो का? आणि संस्थापक उद्या नसला तर काम चालेल का? बाबा आमटे २००८ साली गेले, पण आनंदवनाचे काम थांबले नाही. ज्या संस्थेकडे या तीन प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, तिला दिलेला रुपया खर्ची पडला असे समजू नका. तो तुमच्याच तालुक्यात फिरत राहतो.