एल्कची शिकार : नळी मोठी की गोळी योग्य?

एल्क हे उत्तर अमेरिकेतील महाकाय हरीण. आपल्या काश्मीरच्या हंगुलचे भाऊबंद. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. भारतात शिकारीवर १९७२ च्या कायद्याने बंदी असली, तरी अमेरिकेतील कोलोरॅडोसारख्या राज्यांत परवाना घेऊन एल्कची शिकार करता येते.

जनावर जखमी होऊन रानात तडफडू नये, म्हणून कोलोरॅडोने किमान अट घातली आहे : रायफलचा कॅलिबर, म्हणजे नळीचा व्यास, .२४ इंच आणि गोळीचे वजन ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम. प्रत्यक्षात अनेक शिकारी १९०६ पासूनचे .३०-०६ काडतूस किंवा त्याहून जोरकस .३०० विंचेस्टर मॅग्नम निवडतात. मात्र काडतूस जितके जोरकस, तितका खांद्याला बसणारा धक्का मोठा. त्या धास्तीने नेम ढळला, तर वाढीव शक्ती व्यर्थच.

खरी परीक्षा गोळीची असते. पातळ आवरणाची शिशाची गोळी खांद्याच्या हाडावर फुटून फुफ्फुसापर्यंत न पोहोचण्याचा धोका असतो. शिवाय तिचे सूक्ष्म कण रानात टाकलेल्या आतड्यांत राहतात आणि ती खाणाऱ्या कॅलिफोर्निया कॉन्डोर गिधाडांना विषबाधा होते. १९८२ मध्ये ही गिधाडे अवघी २२ उरली होती. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी घातली. अखंड तांब्याची गोळी तुकडे न होता पुढून उमलते आणि खोलवर शिरते.

डायक्लोफिनॅकपायी गिधाडे गमावलेल्या आपल्या देशाला या निवडीचे मोल वेगळे सांगायला नको.