गरोदरपणीच सांगावयाची गोष्ट

धारगळ परिसरातील गरोदर स्त्रियांना तपासताना मी एक प्रश्न आवर्जून विचारतो : "बाळ दिवस भरण्यापूर्वीच जन्मले, तर त्याला कुठे ठेवायचे?" उत्तर बहुधा एकच येते, "काचेच्या पेटीत." "तुमच्या छातीशी," असे मी म्हटले की त्या चकित होतात. एकदा सोबत आलेल्या सासूबाई रागावल्या, "डॉक्टर, असे अभद्र कशाला बोलता?"

त्यांची भीती मी समजू शकतो. परंतु ३७ आठवड्यांपूर्वीची प्रसूती पूर्वसूचना देऊन येत नाही. त्या धावपळीत भेदरलेल्या मातेला नवी गोष्ट पटवून देणे कठीण असते आणि मोलाचे पहिले तास निघून जातात.

पेट्या अपुऱ्या पडू लागल्याने १९७८ च्या सुमारास कोलंबियातील बोगोटा येथे डॉ. एडगर रे यांनी 'कांगारू मदर केअर' ही पद्धत सुरू केली. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील, दोन किलोंहून कमी वजनाच्या २०६ बाळांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. छातीशी सांभाळलेल्या बाळांचे वजन रोज सरासरी २४ ग्रॅम वाढले, इतरांचे सुमारे १६ ग्रॅम. पुढे भारतासह पाच देशांत झालेल्या अभ्यासात, प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच सुरुवात केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एकचतुर्थांशाने घटल्याचे २०२१ मध्ये दिसून आले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये अशा बाळांसाठी दिवसाला ८ ते २४ तास ही ऊब देण्याची शिफारस केली. स्वतः श्वास घेऊ न शकणारे, अत्यवस्थ बाळ मात्र याला अपवाद.

कृती सोपी आहे. टोपी, मोजे व लंगोट एवढेच घातलेले बाळ आईच्या उघड्या छातीवर, दोन्ही स्तनांच्या मध्ये उभे धरावे. मान एका कुशीला, किंचित वर. म्हणजे श्वास मोकळा राहतो. वरून मऊ सुती कापडाने बांधावे. एका वेळी निदान तासभर तरी हलवू नये. ऊब टिकते, दूध लवकर उतरते, जंतुसंसर्ग कमी होतो. आमच्या भागातून म्हापसा वा बांबोळीला न्यावयाच्या स्थिर बाळालाही वाटेत हीच ऊब उपयोगी पडते.

पुढच्या तपासणीला त्याच सासूबाईंनी हळूच विचारले, "सुनेचे सिझेरियन झाले, तर तोवर मी घेऊ शकेन?" अवश्य! आजीने घ्यावे, वडिलांनीही घ्यावे.

सभासद बंधुभगिनींना माझी नम्र विनंती आहे : सातव्या महिन्याच्या तपासणीत या विषयासाठी पाच मिनिटे राखून ठेवावीत, आणि तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांनाही आत बोलवावे.