राखेचं वजन किती धरायचं?

औष्णिक वीज केंद्रात राख साठवणाऱ्या पोलादी हॉपरचं डिझाइन करताना इंजिनिअर एकाच राखेची दोन वजनं धरतात. हॉपरमध्ये राख मावेल का, हे पाहताना एक घनमीटर राख साधारण ६५० किलोची असते. हॉपर ती पेलेल का, हे पाहताना तीच १३५० किलोची होते. यात चलाखी काही नाही. राख फुललेली असली की जागा जास्त अडवते, दबून बसली की भार वाढवते. प्रत्येक वेळी आपल्याला गैरसोयीचा आकडा घ्यायचा, असा हा शिरस्ता आहे.

५०० मेगावॅटचा संच पूर्ण क्षमतेने चालला की ताशी सव्वातीनशे टनांच्या आसपास कोळसा लागतो. चंद्रपूर, भुसावळला असे संच आहेत. कोळशात ३५ टक्के राख धरली, तर ताशी शंभराहून अधिक टन राख निघते आणि तिच्यातली सुमारे ८० टक्के धुराबरोबर उडते. ईएसपी ही यंत्रणा विजेच्या जोरावर ती पत्र्यांवर ओढून घेते. पत्रे ठोकले की राख खालच्या हॉपरमध्ये पडते. सगळ्यात जास्त राख धूर शिरतो त्या बाजूच्या पहिल्या रांगेतच गोळा होते.

आता एक हॉपर मोजून पाहू. वरचं तोंड ४ बाय ४ मीटर, खालचं ४० बाय ४० सेंटिमीटर, उंची ४ मीटर. आकार उलट्या पिरॅमिडचा, टोक कापलेला. त्यात जेमतेम २४ घनमीटर राख मावते. फुललेली राख असेल तर वजन साडेपंधरा टन. दबलेली असेल तर ३२ टन. पण हिशेब इथे संपत नाही. खालून राख निघाली नाही आणि हॉपरच्या वर ईएसपीच्या पोटात ढीग चढू लागला, तर वाढणाऱ्या प्रत्येक मीटरमागे आणखी साडेएकवीस टन येतात. म्हणून ढीग किती वर चढू शकेल, हे आधी ठरवावं लागतं. पातळी दाखवणारं उपकरण वेळेवर इशारा देईलच, असं गृहीत धरून आधारांचे खांब बारीक करता येत नाहीत.

राख का अडते? आपल्या हॉपरच्या बाजूच्या पत्र्याचा उतार जवळपास ६६ अंशांचा आहे. पण दोन पत्रे जुळतात त्या कोपऱ्यातला उतार भरतो ५७-५८ अंशच. राख पहिल्यांदा धरते ती तिथे. पत्रा थंड पडला की धुरातली वाफ त्यावर ओल धरते आणि राखेचे थर घट्ट होतात. त्यासाठीच हॉपरच्या खालच्या भागाला हीटर लावतात. गिरणीत दमट धान्य अडलं की गिरणीवाला हॉपरवर थाप मारतो. इथे घण चालतो. घणाने पत्र्याला पोचे पडतात, पोच्यात राख आणखी अडते आणि मग आणखी घण.

राख किंवा धान्य साठवणाऱ्या उंच, गोल टाकीचं, म्हणजे सायलोचं, गणित वेगळं. जर्मन इंजिनिअर यान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्याच्या दाबावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतच जातो. धान्याचा मात्र एका खोलीनंतर जवळजवळ स्थिरावतो, कारण घर्षणामुळे बरंचसं वजन भिंतीवर जातं. ४ मीटर व्यासाच्या, १५ मीटर उंच सायलोत घनमीटरला एक टन भरणारी राख असेल, तर एकूण वजन होतं १८८ टन. घर्षणाचे नेहमीचे आकडे घातले तर तळावर त्यातले साठेक टनच येतात. उरलेले सव्वाशेहून अधिक टन भिंतीचा पत्रा उभ्याने पेलतो. तळाची सुटका होते, पण पातळ पत्रा दबून दुमडण्याचा धोका वाढतो. शिवाय हवा खेळवून मोकळी केलेली राख पाण्यासारखी वागते; तेव्हा घर्षणाची ही सवलत मिळत नाही. आपल्या बुटक्या हॉपरमध्येही ती फारशी हाती लागत नाही.

भरलेला सायलो रिकामा होऊ लागला की दाबाची वाटणी पुन्हा बदलते. उभी भिंत संपून उतार सुरू होतो त्या सांध्यावर दाब एकदम चढतो. खालचं तोंड मध्यावर नसेल, तर राख एकाच बाजूने वाहते आणि गोल भिंतीला वेडावाकडा ताण बसतो. तोंडावर कमान धरून अडलेली राख अचानक कोसळली, तर तिचा दणका वेगळाच. राख किंवा धान्य कधी वाहतं आणि कधी कमान धरतं, याचं शास्त्र अँड्र्यू जेनिके यांनी यूटा विद्यापीठात उभं केलं; १९६४ मधला त्यांचा ग्रंथ आजही वापरात आहे. आपल्याकडे अशा पोलादी साठवण टाक्यांसाठी (बिन) आयएस ९१७८ हे मानक आहे.

या मानकातली सूत्रं संगणक क्षणात सोडवतो. त्यात घालायचे आकडे मात्र कोळसा बदलला की बदलतात. म्हणून जुने हॉपर असलेल्या संचात नव्या खाणीचा कोळसा जाळायचं ठरलं, तर बॉयलरइतकीच हॉपरच्या खांबांचीही फेरतपासणी व्हायला हवी.