सरकत्या सुरांची गिटार

शाळेतल्या पेटीवर 'सा' आणि 'रे' सुटे सुटे वाजतात. गळा मात्र एका सुरावरून दुसऱ्यावर अलगद घसरतो. तीच मींड! गिटारवर ती कशी आणायची?

हवाई बेटांवरच्या वादकांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवली. पुढे अमेरिकेत अशा गिटारला पायाने दाबायचे पेडलही आले. आपल्याकडे पंडित ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर चक्क राग वाजवले! १९६७ ची 'कॉल ऑफ द व्हॅली' ऐका. सोबत शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी.

कांडी केसभर हुकली, की सूर बेसूर. म्हणून हातांआधी कान तयार हवेत. पेटीवर 'सा-रे' वाजवा, मग गळ्यातून ओढून म्हणा. मधली वाट सापडली का?